घाटावर कोण, किती वाजता: वैनगंगेकाठच्या एका गावाचं प्रकरण

या प्रकरणातली पहिली चूक आमच्याच ऑफिसची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गाव वैनगंगेच्या काठावरचं, पवनीच्या खालच्या अंगाला, तालुक्याचं. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेली. नाव घेत नाही, कारण ज्यांच्याबद्दल पुढं बरंवाईट येणार आहे त्यांच्यासोबत आमचं काम अजून चालू आहे. काठ पुलापासून स्मशानघाटापर्यंत पाऊण किलोमीटरचा. मधोमध अर्धा गाळात रुतलेला जुना दगडी घाट, त्याच्या वर वडाचा पार आणि महादेवाचं देऊळ. पुलाच्या अंगाला डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, लावायची जागा. घाटाच्या दोन्ही बाजूंनी दोन नाले, गावाचं सगळं सांडपाणी घेऊन सरळ नदीत उतरणारे. काठाला लागून वर रस्ता, आणि मंगळवारी त्याच रस्त्यावर आठवडी बाजार.

आमचं नकाशे-आराखडे काढायचं ऑफिस नागपूरला. दोन माणसं, नकाशे छापायचा एक प्लॉटर. २०२१च्या हिवाळ्यात या गावाचा काठ सुधारायचा आराखडा काढायला बोलावणं आलं. पहिल्याच बैठकीत एकानं मोबाइल पुढं केला, त्यावर अहमदाबादचा साबरमती काठ. "हे असं पाहिजे. एवढं मोठं नको, पण असं."

आम्ही मान डोलावली. तेव्हाच सांगायला हवं होतं की त्या काठाचा हिशेब वेगळा आहे. तिथं १९९७ मध्ये या कामासाठी वेगळी कंपनी काढली गेली. नदीचं पात्र भिंती घालून सरसकट सुमारे २६३ मीटर रुंद केलं, दोन्ही बाजूंनी भर घालून सुमारे २०० हेक्टर जमीन काढली, आणि शहराच्या मध्यात अशी जमीन हाती आल्यावर तिच्यातला थोडा भाग विकूनही खर्च निघू शकतो, हा त्या योजनेचा पाया होता. काठावरच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं हलवावी लागली, त्यांची भांडणं न्यायालयात गेली. आणि नदीत बाराही महिने दिसणारं पाणी वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं, नर्मदेच्या कालव्यातून आलेलं. आमच्या गावात काठाची जमीन भर घालून विकायला काढली तर घेणारा कोण? आणि वैनगंगेला २६३ मीटरमध्ये कोंडायला निघालेला माणूस पावसाळ्यात इथं उभा राहिलेला नसतो.

तरी तीन महिन्यांत आम्ही आराखडा दिला. फरसबंदी रस्ता, कारंजं, फूड कोर्ट, संगीताच्या तालावर नाचणारे दिवे, सेल्फी पॉइंट. वाळूच्या पट्ट्यावर "बीच व्हॉलीबॉल" असं मीच लिहिलं होतं. त्या वाळूवर त्या महिन्यात टरबुजाचे वेल पसरलेले होते. नकाशा मात्र डिसेंबरच्या उपग्रहचित्रावरून काढलेला, आणि त्यात वेल दिसत नव्हते.

आराखडा फेटाळला गेला तो पूररेषेवर. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव, फार तर बाग, मैदान, शेती असा मोकळा वापर. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून काही करता येतं. आमचं फूड कोर्ट आणि दोन्ही शौचालयं निळ्या रेषेच्या आत होती. जलसंपदा खात्याचं पत्र एका पानाचं होतं आणि ते बरोबर होतं.

खरं तर पत्राचीही गरज नव्हती. पुलाजवळच्या एका शिलाईच्या दुकानात भिंतीवर खडूची रेघ आहे, छातीच्या वर. २०२०च्या ऑगस्टअखेरची. मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाचे ३३ही दरवाजे उघडले, आणि भंडाऱ्यापासून पवनी, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीपर्यंत वैनगंगा गावांत शिरली. दुकानदारानं रेघेवर दरवर्षी नव्यानं खडू फिरवलाय. आम्ही त्याच्याच दुकानासमोर बसून दोन वेळा चहा घेतला होता आणि रेघ पाहिली नव्हती.

वहीतला आठवडा

दुसऱ्या खेपेला कागद काढायच्या आधी आम्ही एकच काम केलं. गावातल्याच कॉलेजातली दोन मुलं फेब्रुवारीत आठवडाभर वडाच्या पारावर वही घेऊन बसवली. पहाटे ४ ते रात्री ९. कोण आलं, कशाला आलं, कुठं बसलं, किती वेळ थांबलं. विचारायचं काही नाही, फक्त लिहायचं. एका मुलानं तिसऱ्या दिवशी फोन केला, "सर, हे तर सगळं आमाले माहीतच आहे." आम्हाला नव्हतं.

पहाटे साडेचारला ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे. रात्री टाकलेली जाळी काढून डोंगे लागतात, मासळी तिथंच ओतली जाते, आणि सूर्य वर यायच्या आत व्यापारी मोटरसायकलवर बर्फाचे डबे लावून निघून जातात. जेमतेम तासाचा बाजार, पण रोख पैशाचा. बॅटरी तोंडात धरून मासे मोजतात, कारण दिवा नाही.

सहानंतर कपडे धुणाऱ्या बायका. प्रत्येकीचा दगड ठरलेला. ओळखीचा दगड, आईपासून सुनेकडे आलेला, पाणी उतरेल तसा दोघीतिघी मिळून खाली सरकवतात. कपडे बदलायला आडोसा नाही म्हणून ओल्या लुगड्यानिशी घरी जातात.

नऊपासून दहावं. या नोंदीनं आम्ही चकित झालो. आसपासच्या खेड्यांतून लोक दहाव्याला याच घाटावर येतात. एका घरचं दहावं म्हणजे एक-दोन टेम्पो माणसं. न्हावी ओळीनं बसतात, पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणं असतं, ती कधी दहा मिनिटांची असते, कधी दोन तासांची. आठवड्यात असा एकही दिवस गेला नाही की घाटावर दहावं नव्हतं. आणि हे सगळे लोक अकरा-बाराला, उन्हं तापली की, परत टेम्पोत. सावली नाही, पिण्याचं पाणी नाही, बायकांना जायला जागा नाही. गावात चहाची कपभर विक्री सोडली तर त्यांच्याकडून काही राहत नाही. पर्यटक आणण्याच्या गोष्टी आम्ही करत होतो तेव्हा बाहेरगावची माणसं रोज टेम्पो भरून येत होती. त्यांना आम्ही पर्यटक म्हणत नव्हतो एवढंच.

दुपारी म्हशी. चारनंतर शाळेची पोरं. संध्याकाळी पुलाखाली बाटल्या. त्याबद्दल वहीत दोन पानं आहेत, ती इथं नकोत.

मंगळवारी चित्र पालटतं. पहाटेपासून पालं ठोकायला सुरुवात. धानाच्या पट्ट्यातला बाजार, त्यामुळे लाखोळीची डाळ, पोपटाच्या शेंगा, हिरव्या मिरचीचे ढीग, सुकी मासळी, उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुलं, बुरडांच्या टोपल्या आणि सुपं. टेम्पो आणि बंड्या पात्रातल्या वाळूवर उभ्या. बाजार उठला की सडका भाजीपाला काठावरून खाली. नाल्यापेक्षा बाजाराची घाण डोळ्याला जास्त दिसते, म्हणून बैठकीत नेहमी बाजारालाच बोल लागतो.

नदीत डांगरवाड्या. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की वाळूत खड्डे करून, शेणखत घालून टरबूज, खरबूज, काकडी लावतात. बहुतेक ढिवर आणि कहार घरांतलीच माणसं. धरणातून अवेळी पाणी सुटलं की वाडी गेली. या जमिनीला सातबारा नाही. म्हणून कुठल्याच सर्वेक्षणात ती येत नाही आणि कुठल्याच भरपाईत शेतकरी येत नाही.

वहीचा तक्ता आम्ही भिंतीएवढा छापला आणि नगरपंचायतीच्या सभागृहात लावला. आडवा वेळ, उभा काठ. रंग भरलेले चौकोन बघून एक सदस्य म्हणाले, "मंजे काठ रिकामा नाहीच का जी?" पुढचं सगळं काम या प्रश्नावर उभं राहिलं.

खाचेचा पत्रा

मग वाद लागला, सुरुवात कुठून. दिवे आणि कमान दिसतात, उद्घाटनाला बऱ्या. आमचं म्हणणं नाला आधी. घाटावर लाख रुपयांची फरशी लावा, शेजारून गटार वाहत असेल तर दहाव्याचा माणूस नाकाला रुमाल लावूनच बसणार.

नाल्यात पाणी किती, यावर तीन आकडे होते. कागदी हिशेब सोपा असतो: सांडपाणी व्यवस्थेच्या गावाला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं, त्याच्या ८० टक्के सांडपाणी. बारा हजार वस्तीला तो जवळपास १३ लाख लिटर जातो, आणि त्यावरून यंत्र लावलं की प्रकल्प गावाच्या ऐपतीबाहेर. पण गावात नळ एक दिवसाआड, तोही पाऊण तास. १३५ लिटर आणायचे कुठून?

आम्ही लोहाराकडून पत्रा कापून आणला, मधोमध काटकोनाची व्ही आकाराची खाच. तो नाल्यात आडवा रोवला, बाजूंना माती दाबली. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह कळतो. जुनी, स्वस्त, भरवशाची रीत. सकाळी सातला मोठ्या नाल्यावर उंची १० सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला साडेचार लिटरच्या आतबाहेर. दुपारी ती निम्म्यावर येते. उंची निम्मी झाली की प्रवाह निम्मा राहत नाही, पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतो. रात्री तर नुसती ओल. दिवसाचा मेळ घातला तर दोन्ही नाले मिळून कागदी आकड्याच्या पाव भागाहूनही कमी. एवढ्या पाण्याला वीज खाणारं यंत्र लागत नाही. जाळी, गाळ बसायची टाकी, आणि खडीचा वाफा ज्यात कर्दळ आणि पाणकणीस लावायचं. मुळांभोवतीचे जिवाणू काम करतात, माणसानं जाळी साफ ठेवायची.

त्या जाळीनं आम्हाला रडवलं. पहिल्या महिन्यात ती दर दुसऱ्या दिवशी तुंबायची. उपसून पाहिलं तर निम्म्याहून जास्त खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, प्लास्टिकच्या पन्न्या. पन्नी चौकोनी, पातळ, ओली झाली की जाळीला चिकटून बसते आणि मागून येणारी तिच्यावर. नागपूर ते गडचिरोली माणूस पानठेल्यावर खर्रा घोटून घेतो आणि पन्नी जिथं असेल तिथं टाकतो. आम्ही जाळीच्या पट्ट्या उभ्या केल्या, फट दोन सेंटीमीटरची केली, वरून दाताळं चालेल असा कोन दिला. आता आठवड्यातून दोनदा दाताळं मारलं की भागतं. मारणाऱ्याचा पगार कोणत्या शीर्षातून द्यायचा यावर मात्र चार महिने फाईल फिरली.

इथं एक गोष्ट गावाला स्पष्ट सांगितली होती, आणि तरी दरवर्षी विचारली जाते: नाला साफ झाला तर नदी साफ होईल का? नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, गोसेखुर्दच्या जलाशयात साचतं. तिथली जलपर्णी पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाच्या कामाचं भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, खर्च १,९०० कोटींच्या वर. आमचा खडीचा वाफा त्या आकड्यापुढं कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्यानं घाटावरचा मोठ्या नाल्याचा वास गेला. आम्ही तेवढंच कबूल केलं होतं.

पायरी, उतार, ओटा

पैसा एकरकमी आला नाही, तुकड्यातुकड्यानं आला. सांडपाण्याला वित्त आयोगाचा त्याच कामाला बांधलेला निधी, घाटाला जिल्हा नियोजनातून थोडा, बाजाराला राज्याच्या नगरोत्थान योजनेतून. तेव्हा वैताग आला होता. आज वाटतं, सगळा पैसा एका हप्त्यात मिळाला असता तर आम्ही सगळ्या चुका एकाच हंगामात केल्या असत्या.

घाटाच्या जुन्या पायऱ्या गाळातून मोकळ्या केल्या, दोन्ही बाजूंना वाढवल्या. पायरी १५ सेंटीमीटर उंच, रुंदी चांगली दीड हात, कारण ओल्या कपड्यांचं टोपलं घेतलेली बाई उंच पायरी चढत नाही, तिरकी चालते. खालच्या पायरीखाली पाया खोल नेऊन पुढं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, नाहीतर पूर पायथा कोरतो आणि दोन पावसाळ्यांत घाट पुढं कलतो. हे सगळं पुस्तकातलं, ते नीट झालं.

डोंग्याच्या जागेवर आम्ही त्याच पायऱ्या पुढं नेल्या होत्या. दिसायला एकसारखं. खुणा मारायला गेलो तर एक म्हातारे ढिवर काकाजी येऊन उभे राहिले. बराच वेळ चुन्याच्या रेषा पाहिल्या. मग म्हणाले, "पायऱ्या मानसाले पायजे जी. डोंग्याले उतार पायजे." त्यांनी आपला डोंगा उलटा करून दाखवला. तळाला मधोमध डांबराचा जाड थर, त्यावर ओढल्याच्या उभ्या रेघा, काही ठिकाणी डांबर उडून लाकूड दिसत होतं. पायरीच्या कडेवरून हे रोज दोनदा ओढायचं म्हणजे वर्षात तळ जाणार. चुना पुसला. आठ फुटांना एक फूट असा उतार केला, वर गुळगुळीत कोबा न करता आडव्या खाचा ठेवल्या, माणसाचा पाय सरकू नये म्हणून. उताराच्या वर मासळी ओतायला सिमेंटचा ओटा, पाण्याची तोटी आणि एक दिवा. पूर्ण कामातली सगळ्यात स्वस्त बाब ही. पहाटेच्या व्यापाऱ्यांत पहिल्या उन्हाळ्यातच नवे चेहरे दिसले, कारण उजेडात तोल करता येतो.

धुण्याच्या दगडांचं मात्र हातचं गेलं. ठेकेदाराच्या माणसांनी गाळ काढताना ते दगड "मलबा" म्हणून ट्रॉलीत भरून नेले. सोमवारी सकाळी बायका आल्या. एक मावशी कमरेवर टोपलं घेऊन उभी, "आमचे दगड कुठं गेले जी?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. शोध घेतला तर ते एका रस्त्याच्या भरावात गेले होते. नवे घडीव दगड बसवून दिले, सिमेंटमध्ये पक्के. पक्के, म्हणजे पाणी खाली गेलं की निरुपयोगी. आजही बायका कुठून कुठून सुटे दगड आणतात आणि आमच्या घडीव दगडांवर टोपली ठेवतात. नकाशावर त्या दगडांची खूण आम्ही केली नव्हती, त्यामुळे ठेकेदाराला बोलायलाही तोंड नाही.

दहाव्यासाठी वडाच्या मागं, लाल रेषेच्या वर, उघडी शेड, पिण्याचं पाणी आणि शौचालय. बायकांना कपडे बदलायला दोन खोल्या त्यातच. शेडला भिंती घालायचा आग्रह होता, आम्ही घालू दिल्या नाहीत. भिंत घातली की कुलूप येतं, कुलूप आलं की चावी एकाच्या खिशात. न्हाव्यांना बसायला दोन फूट उंचीचा कट्टा, समोर आरसा टांगायला लोखंडी पट्टी. पहिल्या आठवड्यात पट्टीवर ओल्या धोतराची रांग लागली. न्हावी आरसा हातातच धरतात. असो.

मंगळवारच्या चिठ्ठ्या

बाजाराची गोष्ट थोडी लांब आहे, कारण पैशाचा प्रश्न खरा तिथं होता.

रस्त्याच्या आत, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नगरपंचायतीची पडीक जागा होती. तिथं उघडे ओटे बांधायचं ठरलं, वर काही नाही, फक्त पालाचे बांबू रोवायला लोखंडी नळ्या. पूर आला तर ओटे पाण्याखाली जातील आणि वरती येतील. वीज खांबावर उंच, आणि मृग लागायच्या आत पंपाची मोटार काढून वर न्यायची असा लेखी नियम.

ओटे तयार झाले, पहिल्या मंगळवारी कोणीही बसलं नाही. सगळे रस्त्यावरच. आम्हाला वाटलं सवयीचा प्रश्न आहे. एका भाजीवाल्या बाईनं कारण सांगितलं, "मागच्या ओट्यावर गिऱ्हाईक येत नाही, माशा येतात." जुन्या बाजारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच ओळ, सगळे पुढचे. आम्ही पाच ओळी केल्या होत्या, त्यातल्या चार मागच्या. शिवाय बाजार फी वसूल करण्याचा लिलाव होतो, ठेकेदार माणशी पावती फाडतो, आणि पुढच्या ओळीला जास्त घेऊन मागच्याला कमी घेत नाही.

तोडगा आम्ही काढला नाही, बाजारातल्याच चार जणांनी काढला. दर महिन्याला चिठ्ठ्या. टोपलीत नंबर, लहान पोरानं काढायचे. सुकी मासळी आणि मोहफुलांना वेगळी ओळ, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मधल्या दोन ओळींच्या मधला रस्ता तोडून रुंद केला, टेम्पो आत यावा म्हणून, त्यासाठी नवेकोरे सहा ओटे पाडावे लागले. लेखापरीक्षणात त्या सहा ओट्यांवर अजून आक्षेप आहे.

फीचा लिलाव पहिल्या वर्षी तेवढ्यालाच गेला. दुसऱ्या वर्षी जास्त बोली लागली. ती ओट्यांमुळे लागली की भाव वाढल्यामुळे, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. डोळ्याला दिसतं ते असं: बाजार आता अंधार पडेपर्यंत चालतो, पूर्वी पाचला उठायचा. घाटाच्या वरच्या रस्त्यावर दोन खानावळी आल्या, दोन्ही दहाव्याच्या लोकांवर चालतात, त्यातल्या एकीची मालकीण पूर्वी कपडे धुवायला येणाऱ्यांतली. बाजाराचा कचरा एका जागी येतो म्हणून उचलला जातो.

पर्यटनाचं काय, असं विचारणारे आहेत. २०२४ मध्ये अंभोऱ्याला वैनगंगेवर केबलनं तोललेला पूल खुला झाला, वर उंचावर प्रेक्षक सज्जा, तिथं रविवारी गर्दी होते. पवनीला किल्ल्याचा मातीचा तट आहे, १९६९-७० मध्ये उत्खनन झालेला जगन्नाथ टेकडीचा स्तूप आहे, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं फाटक आहे. आमच्या गावात यातलं काही नाही आणि आणताही येत नाही. रस्त्यानं जाणारा माणूस इथं थांबला तर स्वच्छ शौचालयासाठी आणि चहासाठी थांबतो. थांबू लागलाय. त्याला कारंजं लागलं नाही.

गाळ

काम पुरं झाल्यावरचा पहिला पूर मध्यम होता. घाट, उतार, मासळीचा ओटा सगळं दीड दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर वीतभर गाळ, चिकट, राखाडी. आम्ही नियमपुस्तकात लिहून ठेवलं होतं: पाणी उतरत असतानाच, गाळ ओला असताना, पाण्याच्या फवाऱ्यानं तो नदीतच परत लोटायचा. अग्निशमनची गाडी उभी केली, नदीतूनच पाणी उचललं, नगरपंचायतीची माणसं आणि ढिवरांची पोरं फावडी घेऊन वरून खाली आली. दोन दिवसांत घाट मोकळा. तिसऱ्या दिवशी दहावं होतं.

पुढच्या वर्षी गाडीचा पंप बिघडलेला. दुरुस्तीची निविदा, मग पोळा, मग गणपती. गाळ वाळला आणि ऊन खाऊन विटेसारखा झाला. शेवटी जेसीबी आणला. त्यानं गाळ काढला आणि सोबत अकरा पायऱ्यांच्या कडा. त्या कडा अजून तशाच आहेत. काठ सुधारण्याच्या अंदाजपत्रकात गाळ काढायला वेगळी तरतूद नसते, कारण ती "देखभाल" असते, आणि देखभालीचं उद्घाटन होत नाही. आता आम्ही नव्या गावाला गेलो की पहिला प्रश्न पंप कोणाचा आहे हा विचारतो.

रेतीचंही सांगायला हवं. घाटाच्या खालच्या अंगाला रेतीघाट, म्हणजे रेती उपसायची जागा आहे, तिचा लिलाव होतो, आणि लिलाव नसतानाही रात्री ट्रॅक्टर चालतात. पात्रात खड्डे पडतात, वरून पाणी सपाट दिसतं. पायऱ्यांवरून पोहायला उतरणाऱ्या पोरांसाठी आम्ही साखळीची ओळ बांधली. ती साखळी दोनदा चोरीला गेली. या बाबतीत नकाशा काढणाऱ्याच्या हातात फार काही नाही.

डांगरवाड्यांचा प्रश्न तसाच आहे. आम्ही तहसीलकडे एकसाली पट्ट्याचा प्रस्ताव लिहून दिला, वाडीवाल्यांची यादी जोडली. यादी करतानाच दोन भावांत भांडण झालं, वाळू कोणाची यावर. प्रस्तावावर "चर्चा करावी" असा शेरा आहे. यंदा जानेवारीत धरणातून पाणी सुटलं तेव्हा निरोप आदल्या संध्याकाळी आला, भोंगा फिरला, पंपसेट आणि पाइप वर आणता आले. वेल गेले. नकाशाच्या नव्या प्रतीत त्या पट्ट्यावर आता "डांगरवाडी" असं लिहिलं आहे, व्हॉलीबॉलच्या जागी.

दुसरा, लहान नाला अजून उघडाच वाहतो. त्याला जागा लागते ती एका खासगी बांधीची, म्हणजे धानाच्या शेताची, आणि मालक रोवणी झाल्याशिवाय बोलायला तयार नाही. तोवर डोंगे बांधायच्या कड्या बदलून घेतो आहोत. आमच्या नकाशाप्रमाणे बसवलेल्या कड्या पहिल्याच पुरात पाण्याखाली गेल्या आणि डोंगे कडुलिंबाला बांधावे लागले. नव्या कडीची उंची त्याच काकाजींनी भिंतीवर खडूनं मारून ठेवली आहे. आमच्या खुणेपेक्षा पुरुषभर वर.